आलापल्लीचा साग आणि पंच्याहत्तर वर्षांचा कागद

आलापल्लीचा साग सर्वांना ठाऊक आहे. गडचिरोली जिल्ह्यातील अहेरी तालुक्यातले हे गाव सागवानासाठी देशभर नावाजलेले आहे. मार्च २०२३ मध्ये अयोध्येतील राममंदिरासाठी चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातले सागवान बल्लारपूरहून वाजतगाजत रवाना करण्यात आले. लाकडाची पूजा झाली, मिरवणूक निघाली. त्याच वर्षी २८ मे रोजी नव्या संसद भवनाचे उद्‌घाटन झाले आणि त्यातले सागवान नागपूरहून आल्याचे सरकारने अभिमानाने सांगितले. लाकडाचा एवढा सन्मान झाला, याबद्दल आमची तक्रार नाही. आमचा प्रश्न साधा आहे. हा साग कोणी लावला, कोणी निंदला, कोणी तोडला, कोणी वाहिला? आणि ज्यांनी हे सारे केले त्यांच्या घराला सागाचा दरवाजा आहे काय?

या प्रश्नाचे उत्तर आलापल्लीच्या परिसरात राहणारा कुणीही देऊ शकेल. कूपात राबणाऱ्या मजुराच्या झोपडीला कुडाच्या भिंती असतात. सागाचे एक वासे एवढे लाकूड घरी आणले तरी तो गुन्हा ठरतो. बापाने लावलेल्या झाडाचे लाकूड मुलाने आणले तर तो चोर, आणि लिलावात बोली लावून ट्रक भरून नेणारा मात्र व्यापारी! हा न्याय कुठून आला, हे समजून घेतल्याशिवाय आजचा वनहक्काचा प्रश्न समजणार नाही.

जगात हे केवळ आलापल्लीतच घडले असे नाही. आपली मुले आवडीने चॉकलेट खातात. ते चॉकलेट कोको नावाच्या झाडाच्या बियांपासून होते. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यासमोर साओ टोमे नावाचे छोटे बेट आहे. तेथे पोर्तुगीजांचे कोकोचे मोठमोठे मळे होते. गुलामगिरी कायद्याने १८७५ साली संपविली गेली, परंतु मळ्यांवर माणसे लागतच होती. मग अंगोलातून माणसे धरून आणून त्यांच्याकडून करारावर अंगठे घेण्यात आले. नाव कराराचे, काम गुलामाचे. गेलेला माणूस क्वचितच परत येई. हेन्री नेविन्सन या इंग्रज पत्रकाराने १९०६ साली हा प्रकार पुस्तकरूपाने उघडकीस आणला आणि १९०९ मध्ये कॅडबरीसारख्या इंग्रज कंपन्यांना तेथील कोको घेणे थांबवावे लागले. त्या मळ्यांवरच्या माणसांनी जन्मभर कोको पिकविला, चॉकलेट मात्र दुसऱ्यांनी खाल्ले. कोकोच्या जागी साग ठेवा, बेटाच्या जागी चांदा जिल्ह्याचे जंगल ठेवा, गोष्ट तीच आहे. फरक एवढाच की, साओ टोमेच्या मजुराला बाहेरून आणले गेले आणि आमच्या माणसाला त्याच्याच गावात परका करण्यात आले.

साहेबाचा साग

नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५४ साली इंग्रजांनी खालसा केले आणि चांदा जिल्हा त्यांच्या ताब्यात गेला. चारच वर्षांत, १८५८ मध्ये, मोलमपल्लीचे जमीनदार बाबुराव पुल्लेश्वर शेडमाके यांनी याच अहेरीच्या मुलखातून इंग्रजांविरुद्ध हत्यार उचलले. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी त्यांना चांद्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. बंड मोडल्यावर साहेबाने शांतपणे जंगल मोजायला घेतले.

साहेबाला साग का हवा होता? आधी जहाजांसाठी, नंतर रेल्वेसाठी. १८५३ साली मुंबई-ठाणे गाडी धावली आणि पुढच्या पन्नास वर्षांत देशभर रूळ टाकले गेले. प्रत्येक रुळाखाली लाकडी स्लीपर लागत होते. नैसर्गिक जंगल तोडून पुरेना, तेव्हा साग लावण्यास सुरुवात झाली. मलबारात निलंबूर येथे १८४० च्या दशकात कलेक्टर कॉनली याने सागाची लागवड सुरू केली, तिची प्रत्यक्ष जबाबदारी चातू मेनन या देशी माणसाने वाहिली. १८६४ साली जंगलखाते निर्माण झाले आणि ब्रह्मदेशातील सागाचा अनुभव असलेला जर्मन तज्ज्ञ डिट्रिच ब्रँडिस त्याचा पहिला प्रमुख झाला. १८६५, १८७८ आणि १९२७ असे एकामागून एक जंगल कायदे आले. राखीव जंगल, संरक्षित जंगल हे शब्द तेव्हापासूनचे. कालपर्यंत ज्या जंगलात माणूस मुक्तपणे जात होता, तेथे पाऊल टाकायला परवाना लागू लागला.

हे दुखणे सर्वांत आधी ओळखले ते महात्मा फुले यांनी. १८८३ सालच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ मध्ये त्यांनी जंगलखात्यावर कठोर टीका केली आहे. रानात गुरे चारून आणि पाने-फुले-फळे गोळा करून पोट भरणाऱ्या गरिबांचा आधार या खात्याने हिरावून घेतला, हे जोतिरावांनी तेव्हाच सांगितले. स्वतःला राष्ट्रीय म्हणविणाऱ्या पुढाऱ्यांना जंगल आठवले ते १९३० च्या जंगल सत्याग्रहात. जोतिरावांना ते जवळपास पन्नास वर्षे आधी दिसले होते.

मजुराचे वर्ष

सागाचे काम कसे चालते हे शहरातील आमच्या वाचकांना ठाऊक नसेल. म्हणून थोडे विस्ताराने सांगतो.

सागाचे रोप थेट लावत नाहीत. रोपवाटिकेत वाढविलेले वर्षभराचे रोप उपटतात, वरचा शेंडा आणि खालची मुळे छाटतात आणि बोटाएवढी जाड कांडी उरते. तिला सागजडी म्हणतात. पाऊस पडला की पहारीने भोक पाडून ही जडी जमिनीत ठोकायची. दोन-दोन मीटरवर एक याप्रमाणे हेक्टरी अडीच हजार. दिवसभर वाकून पहार मारणारे आणि जड्यांची टोपली घेऊन मागून चालणारे हात बहुधा नवरा-बायकोचे असतात. मग निंदणी. साग लहान असताना त्याला गवत दाबून टाकते, म्हणून पहिली दोन-तीन वर्षे पुनःपुन्हा निंदावे लागते. पावसात, डासांत, सापांत. हिवताप हा या जंगलाचा कायमचा पाहुणा. आजही महाराष्ट्रातील हिवतापाचा मोठा वाटा एकट्या गडचिरोलीच्या माथी असतो.

पाऊस संपला की कूपकटाई. कूप म्हणजे तोडणीसाठी आखून दिलेला जंगलाचा तुकडा. झाडावर खुणा होतात, कुऱ्हाड-आरी चालते, झाड पडते. फांद्या छाटायच्या, लठ्ठे कापायचे, मोजायचे, त्यावर खात्याचा हातोडा मारायचा. हातोड्याचा छाप उमटला की ते लाकूड सरकारचे. मग डेपो, मग लिलाव. पूर्वी बैल आणि हत्ती ओढत, नंतर ट्रक आले. १९२९ साली बल्लारशाहवरून काझीपेठकडे जाणारा रेल्वेमार्ग पूर्ण झाला आणि चांद्याचा साग एका बाजूने दिल्लीकडे, दुसऱ्या बाजूने मद्रासकडे धावू लागला. बल्लारशाहचा लाकूड डेपो तेव्हापासून नावारूपाला आला.

थंडी सरता सरता जाळरेषा. वणवा पसरू नये म्हणून गवत-पालापाचोळा कापून जाळून मोकळा पट्टा ठेवायचा. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे उठून मोह वेचायचा. आणि मे महिन्यात तेंदू. घरातील आजीपासून शाळकरी पोरापर्यंत सगळे पहाटे जंगलात. दुपारी पाने घरी आणून सत्तर पानांचा एक पुडा बांधायचा आणि संध्याकाळी फळीवर नेऊन मुन्शीला मोजून द्यायचा. हजार पुड्यांची एक मानक गोणी, म्हणजे सत्तर हजार पाने. एकेक पान हाताने तोडलेले. मुन्शी पुडा नापास करतो तेव्हा त्या सत्तर पानांची मजुरी बुडते, जाब कोणाला विचारणार?

पाऊस आला की पुन्हा पहार आणि जड्या. एकदा लावलेला साग तोडणीला यायला साठ-ऐंशी वर्षे लागतात. म्हणजे लावणारा माणूस तोडणी पाहत नाही. आजा लावतो, नातू तोडतो आणि दोघेही रोजंदारीवर!

याच आलापल्लीजवळ कमलापूरला वनखात्याचा हत्ती कॅम्प आहे. महाराष्ट्रातील हा एकमेव सरकारी हत्ती कॅम्प. लाकूड ओढण्यासाठी ठेवलेले हे हत्ती ट्रक आल्यावर कामातून मोकळे झाले. त्यांना नावे आहेत, त्यांची वये नोंदलेली आहेत, आणि दर हिवाळ्यात त्यांना काही दिवसांची वैद्यकीय रजा मिळते. त्या दिवसांत औषधी वनस्पतींच्या काढ्याने त्यांचे पाय शेकले जातात. मुक्या जनावराची काळजी घेतली जाते, हे चांगलेच आहे. तथागतांच्या करुणेत हत्तीही येतो. २०२२ साली आलापल्ली भागातील पातानीलचे हत्ती गुजरातेत नेण्यात आले तेव्हा येथील जनता दुखावली, आणि कमलापूरचे हत्ती जाऊ नयेत म्हणून लोक उभे राहिले. परंतु आम्ही विचारतो, ज्या मजुराने हत्तीच्या बरोबरीने लठ्ठे ओढले त्याचे नाव कोणत्या रजिस्टरात आहे? त्याच्या पायाला कोणी काढा लावला? त्याला म्हातारपणी कोणती रजा मिळाली?

बेगार ते कलम २३

इंग्रजी अमलात कामाला हक्काची माणसे मिळावीत म्हणून जंगलखात्याने वनग्रामे वसविली. जंगलात झोपडी बांधायला आणि थोडी जमीन कसायला परवानगी मिळे, मात्र अट अशी की, खाते सांगेल तेव्हा सांगेल ते काम केले पाहिजे. जमिनीचा पट्टा तात्पुरता, मालकी नाही. खात्याचा माणूस नाराज झाला तर घरासकट हुसकावले जाण्याची भीती. साहेब दौऱ्यावर आला की त्याचे सामान वाहायचे, सरपण-पाणी पुरवायचे. हे काम आमच्या समाजाला नवे नव्हते. महारवतनाच्या नावाखाली गावोगाव हीच बेगार आमच्या वाडवडिलांनी केली. वतनाची जमीन म्हणजे गुलामीची साखळी आहे, हे बाबासाहेबांनी ओळखले आणि १९२८ साली महारवतनाविरुद्ध विधेयक मांडून लढा दिला. माडिया गोंडाच्या पायातील वनग्रामाची साखळी आणि महाराच्या पायातील वतनाची साखळी एकाच लोहाराने घडविल्या होत्या.

म्हणूनच भारतीय संविधानाच्या कलम २३ ने बेगार आणि सक्तीच्या मजुरीला बंदी घातली. या कलमाकडे आपण केवळ परीक्षेपुरते पाहतो. जंगलातल्या माणसासाठी ते कलम म्हणजे मुक्तीचा जाहीरनामा होता. परंतु कायदा बदलला तरी जंगलाचा मालक बदलला नाही. १९५० च्या मध्यप्रदेशच्या कायद्याने जमीनदारी गेली, कारण चांदा जिल्हा तेव्हा मध्यप्रदेशात होता. जमीनदारीची जंगले सरकारजमा झाली. जमीनदाराच्या काळात गावाला जळण, बांबू, चराईचे जे निस्तार हक्क होते ते हळूहळू आक्रसत गेले. बल्लारपूरच्या कागद कारखान्याला दीर्घ मुदतीच्या करारांनी नाममात्र दरात बांबू मिळाला, बुरुडाला मात्र टोपलीपुरता बांबू मिळविण्यासाठी खेटे घालावे लागले. १९७४ साली वनविकास महामंडळ स्थापन झाले. मिश्र जंगल तोडून तेथे साग लावण्याचा जोर वाढला. सागाखाली मोह नाही, तेंदू नाही, चार नाही. कागदावर जंगल वाढले, चुलीवर अन्न कमी झाले.

पूर्वीचे जंगल कसे होते हे पाहायचे असेल तर आलापल्लीहून भामरागडच्या रस्त्याने जावे. तेथे ‘वनवैभव’ नावाचा सुमारे सहा हेक्टरांचा तुकडा १९५३ पासून न तोडता राखला आहे. २०१४ साली तो महाराष्ट्रातील पहिला जैवविविधता वारसा म्हणून घोषित झाला. गगनाला भिडणारे साग, त्यांच्यासोबत नाना जातींची झाडे, वेली, पक्षी. पाहून मन भरून येते. परंतु एवढ्या अफाट जंगलातून सहा हेक्टरांचा वारसा जपल्याचा अभिमान बाळगायचा की बाकीच्याचे काय झाले हे विचारायचे?

पंच्याहत्तर वर्षांचा कागद

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. डिसेंबर २००६ मध्ये संसदेने वनहक्क कायदा केला आणि ३१ डिसेंबर २००७ पासून तो लागू झाला. वनवासीयांवर झालेला ऐतिहासिक अन्याय दूर करण्यासाठी हा कायदा आहे, असे त्याच्या प्रस्तावनेतच मान्य केले आहे. मूळ विधेयक फक्त अनुसूचित जमातींपुरते होते. संसदेच्या संयुक्त समितीमुळे त्यात ‘इतर पारंपरिक वननिवासी’ ही वर्गवारी आली. जंगलात आणि जंगलालगत राहणारे बौद्ध, ढिवर, बुरुड, कुणबी, तेली हे सारे याच वर्गात मोडतात.

परंतु येथे एक मेख आहे. आदिवासी दावेदाराने १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखविला की पुरे. इतरांनी मात्र त्या तारखेपूर्वी तीन पिढ्या, म्हणजे पंच्याहत्तर वर्षे, जंगलात राहत असल्याचे सिद्ध केले पाहिजे. म्हणजेच १३ डिसेंबर १९३० पासूनचा पुरावा!

वाचकहो, १९३० हे साल काय होते याचा जरा विचार करा. त्या वर्षीच्या मार्चमध्ये नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. ऑगस्टमध्ये नागपूरला अखिल भारतीय दलित काँग्रेसचे अधिवेशन बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली भरले. आणि १३ डिसेंबर १९३० रोजी बाबासाहेब लंडनच्या पहिल्या गोलमेज परिषदेत होते. अस्पृश्यांना माणूस म्हणून हक्क द्या, असे साम्राज्याच्या राजधानीत सांगत होते. ज्या वर्षी आम्हाला गावच्या विहिरीवर पाणी मिळत नव्हते, शाळेच्या ओसरीवर बसू दिले जात नव्हते, त्या वर्षीचा कागद आमच्याकडे मागितला जातो! अक्षरबंदी ज्यांनी केली त्यांच्या व्यवस्थेने आता लेखी पुरावा मागावा, याला काय म्हणायचे?

ही अट का घातली गेली, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. आदिवासींच्या जमिनी बाहेरून आलेल्या सावकार, ठेकेदार, व्यापाऱ्यांनी हडपल्या, हे सत्य आहे. ती लूट पुन्हा होऊ नये ही चिंता योग्यच आहे आणि आमचा तिला पूर्ण पाठिंबा आहे. माडिया गोंडाच्या हक्काचा एक इंचही आम्हाला नको. परंतु गावाच्या टोकाला राहून पिढ्यान्‌पिढ्या गावाची राखण करणारा महार आणि तेंदूच्या हंगामात ट्रक घेऊन येणारा ठेकेदार यांना एकाच तराजूत तोलणे हा न्याय नव्हे. व्यवहारात घडते असे की, ठेकेदाराला हक्काचा दावा लागतच नाही, आणि महाराचा दावा पुराव्याअभावी फेटाळला जातो. इतर पारंपरिक वननिवासींचे दावे देशभर मोठ्या प्रमाणावर फेटाळले गेले आहेत. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना जंगलाबाहेर काढण्याचा आदेश दिला होता, त्याला त्याच महिन्याच्या २८ तारखेला स्थगिती मिळाली. तलवार म्यानात गेली आहे, मोडलेली नाही.

आमच्या या जिल्ह्यात आणखी एक समाज या अटीत अडकला आहे. मुलचेरा, चामोर्शी, एटापल्ली भागात १९६० च्या दशकापासून पूर्व बंगालचे निर्वासित वसविण्यात आले. त्यांत मोठा भाग नामशूद्रांचा. जोगेंद्रनाथ मंडल यांच्या या समाजाने १९४६ साली बाबासाहेबांना बंगालमधून संविधान सभेवर निवडून पाठविले, हे आपण विसरता कामा नये. सरकारने आणून बसविलेल्या या माणसांकडे १९३० चा गडचिरोलीचा पुरावा असणार कुठून? महाराष्ट्रात त्यांना अनुसूचित जातीची सवलतही नाही. त्यांचा प्रश्न वेगळ्या मार्गाने सुटायला हवा, परंतु तो आपला प्रश्न आहे, हे आंबेडकरी चळवळीने मानले पाहिजे.

पुरावा आपल्याच दारी आहे

मग रडत बसायचे काय? मुळीच नाही. कायदा नीट वाचला तर वाट सापडते.

पहिली गोष्ट. पंच्याहत्तर वर्षांची अट राहण्याबद्दल आहे, त्याच जमिनीच्या ताब्याबद्दल नाही. केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाने हे स्पष्ट केलेले आहे. तरीही खालच्या समित्या पंच्याहत्तर वर्षांच्या वहिवाटीचा सातबारा मागतात. अशा वेळी लेखी उत्तर मागावे. दावा फेटाळला तर कारणासह लेखी कळविणे बंधनकारक आहे आणि त्यावर साठ दिवसांत अपील करता येते.

दुसरी गोष्ट. नियमांमध्ये पुराव्यांची मोठी यादी आहे. त्यात गॅझेटियर, जनगणना, जमाबंदीचे अहवाल आहेत, वंशावळ आहे, दावेदार सोडून गावातील वृद्धांचे लेखी कथन आहे, आणि जुन्या विहिरी, दफनभूमी, पवित्र स्थळे यांसारख्या पाऊलखुणाही आहेत. दोन पुरावे पुरतात. कोणता एकच विशिष्ट कागद आणा, असे म्हणण्याचा अधिकार कोणत्याही समितीला नाही.

आता लक्ष देऊन वाचा. विदर्भात कोतवाल बुक नावाचे दप्तर आहे. गावातील प्रत्येक जन्म-मृत्यूची नोंद त्यात बापाच्या नावासह आणि जातीसह होत असे. चांदा जिल्ह्यातील कित्येक गावांत हा कोतवाल आमचाच माणूस होता. कोणाच्या घरी पाळणा हलला आणि कोणाच्या घरी तिरडी उठली, ही खबर पायपीट करून तोच ठाण्यापर्यंत पोहोचवीत असे. सगळ्या गावाच्या अस्तित्वाचा पुरावा ज्याने सरकारदरबारी नेला, त्याच्या नातवाला आज तुम्ही येथले कशावरून, असे विचारले जाते! जातीच्या दाखल्यासाठी या नोंदीची नक्कल आपण काढतोच. तीच नक्कल वनहक्काच्या दाव्याला जोडा. १९३० पूर्वीची आजोबा-पणजोबांची एक नोंद सापडली तर निम्मे काम झाले.

आणि विहीर. गावाने आम्हाला पाणवठ्यावर येऊ दिले नाही, म्हणून आमच्या पूर्वजांनी वेगळी विहीर खणली. गावाने आमचे प्रेत आपल्या जागेत येऊ दिले नाही, म्हणून आमचे मसणवट वेगळे राहिले. जातिव्यवस्थेने आम्हाला दूर ढकलण्यासाठी जी रेघ ओढली, ती रेघच आज आमच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या वास्तव्याची साक्ष आहे. त्या विहिरीचे फोटो काढा, ग्रामसभेकडून तिच्या वयाचा ठराव घ्या, गावातील वृद्ध गोंड माणसाचे कथन लिहून घ्या. तो खोटे बोलणार नाही. त्याला आपला आजा ठाऊक आहे.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट सामूहिक वनहक्काची. वैयक्तिक दावा चार हेक्टरांपर्यंतच्या कसत्या जमिनीपुरता असतो. सामूहिक हक्क मात्र संपूर्ण गावाच्या जंगलावर, ग्रामसभेच्या नावे मिळतो. ग्रामसभेत गावातील प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुष येतो, तेथे जात विचारली जात नाही. याच जिल्ह्यात धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाने २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर असा हक्क मिळविला. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. ज्या बांबूसाठी दीडशे वर्षे हात पसरले, तो गावाने स्वतः विकला. त्यानंतर गडचिरोलीत हजाराहून अधिक गावांना सामूहिक हक्क मिळाले. तेंदूचा लिलाव ग्रामसभा करू लागल्या. भाव कधी चढला, कधी पडला, ठेकेदारांनी पैसे थकविले, सर्व काही झाले. तरीही मुन्शीपुढे मान खाली घालून उभा राहणारा माणूस आता लिलावाच्या सभेत खुर्चीवर बसतो, हे लहान परिवर्तन नाही.

मात्र दोन गोष्टींकडे डोळेझाक करून चालणार नाही. एक, हा हक्क गौण वनउपजापुरता आहे. बांबू, तेंदू, मोह ग्रामसभेचा, परंतु साग अजूनही खात्याचाच. दीडशे वर्षे घामाने वाढविलेल्या सागाच्या उत्पन्नात गावाचा कायदेशीर वाटा असला पाहिजे, ही मागणी चळवळीने उचलली पाहिजे. दोन, ग्रामसभेत आपला माणूस बोलतो काय? काही ठिकाणी आमची वस्ती ग्रामसभेला जातच नाही, काही ठिकाणी तिला बोलावले जात नाही. ज्या सभेत आपण गैरहजर, त्या सभेचा ठराव आपल्या विरोधात गेला तर दोष कोणाला द्यावा?

आणि वेळ थोडा आहे. आलापल्लीच्या रस्त्यावरून आता सागाच्या ट्रकांऐवजी सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक रात्रंदिवस धावतात. एटापल्ली तालुक्यातील त्या खाणीला २००७ साली सुमारे ३४८ हेक्टरांचा पट्टा देण्यात आला. २०२५ मध्ये तेथील खनिज प्रक्रिया प्रकल्पासाठी नऊशे हेक्टरांहून अधिक वनजमीन वळविण्यास केंद्राने तत्त्वतः मंजुरी दिली आणि त्यात लाखावर झाडे जाणार आहेत. सागाचा एक वासे आणला म्हणून मजुराला धरणारी व्यवस्था येथे मात्र लाख झाडांचा हिशेब सहज करते. कारखाने नकोत असे आम्ही म्हणत नाही. बाबासाहेब उद्योगीकरणाचे पुरस्कर्ते होते. परंतु ज्या गावाचा हक्क कागदावर आलेला नाही, त्या गावाला विचारण्याची गरज कोणाला वाटणार? हक्क नोंदलेला असेल तरच ग्रामसभेच्या संमतीला किंमत येते.

बाबासाहेबांनी जमिनीचा प्रश्न कधीही दुय्यम मानला नाही. स्टार्ट कमिटीचे सदस्य म्हणून त्यांनी अस्पृश्य आणि आदिवासी या दोघांच्या दुःखाचा एकत्र विचार केला, आणि तिचा अहवालही त्याच १९३० साली आला. पडीक व जंगलाच्या जमिनी भूमिहीनांना मिळाव्यात यासाठी कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४-६५ साली लाखो माणसे तुरुंगात गेली. तो वारसा आपण सांगतो, चालवितो किती?

१६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेब चंद्रपूरला आले आणि नागपूरनंतर दुसरी धम्मदीक्षा त्यांनी येथे दिली. दरवर्षी त्या दिवशी चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर अलोट गर्दी होते. अहेरी, आलापल्ली, एटापल्लीहून लोक येतात. पुस्तकांची दुकाने लागतात, भोजनदान होते. आमची सूचना अशी की, त्या गर्दीत यंदापासून वनहक्काच्या दाव्यांचे एक टेबल लागावे. शिकलेल्या तरुणांनी, निवृत्त कर्मचाऱ्यांनी, वकिलांनी तेथे बसावे. कोतवाल बुकाची नक्कल कशी काढायची, वंशावळ कशी लिहायची, अपील कसे करायचे, हे समजावून सांगावे. तहसीलच्या दप्तरखान्यात जाऊन नोंदी शोधणारे दहा तरुण प्रत्येक तालुक्यातून निघाले तरी शेकडो कुटुंबांचे दावे उभे राहतील. आपल्या शेजारच्या गोंड, माडिया बांधवाचा दावाही त्यांनीच लिहावा. सिकलसेलचा आजार आपल्या दोघांच्या रक्तात आहे, बेगारीचा इतिहास दोघांच्या पाठीवर आहे. एकमेकांविरुद्ध उभे करणारे पुष्कळ आहेत, एका टेबलाशी बसविणारे कोणी तरी पाहिजे.

तोडलेल्या लठ्ठ्यावर हातोडा मारून खाते आपली मालकी सांगते. गावाचा शिक्का मात्र ग्रामसभेच्या ठरावावर उमटतो आणि तो उमटविण्याचा अधिकार संविधानाने आपल्याला दिला आहे. तो आपण वापरला नाही तर आणखी पंच्याहत्तर वर्षांनी आपल्या नातवंडांकडे पुन्हा कागद मागितला जाईल. त्यांच्या हाती द्यायला तो कागद आपण आजच तयार केला पाहिजे.

जय भीम!